दानम्माच्या रानातला खांब

दानम्माच्या रानात खांब उभा राहिला तेव्हा म्हातारीनं मोबाइल कंपनीला जमीन दिली, अशी बातमी गावभर झाली. पारावर कुणी म्हणालं आता रेंज येईल, कुणी म्हणालं आता चिमण्या मरतील. दानम्मानं कुणाचाच समज खोडून काढला नाही. तिला स्वतःलाच तो खांब अजून नीट कळलेला नव्हता, आणि जे कळलं नाही त्यावर बोलू नये एवढं शहाणपण तिच्यापाशी होतं. गावातल्या बाकीच्यांकडे त्याचा मोठा तुटवडा होता.

गाव उदगीरच्या पुढचं, देवणीच्या अंगाचं. शिवेपलीकडं कर्नाटक. इथली माणसं भांडताना मराठी बोलतात आणि लेकरू निजवताना कानडी, असं म्हणतात. दानम्मा दोन्ही कामं दोन्ही भाषांत करी. आता मात्र भांडायला घरात कुणी उरलं नव्हतं आणि निजवायलाही नाही. नवरा गुरुपादप्पा जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक पुण्याकडं कारखान्यात लागला, तिकडंच रमला. त्याचा फोन रविवारी यायचा. त्यात निम्मा वेळ ‘आवाज येतोय का’ यातच जायचा. रान शेजारचा मडिवाळप्पा बटईनं कसायचा. मडिवाळप्पाच्या जिभेला हाड नव्हतं, पण हाकेला धावून येणारा माणूस तोच. दानम्मा त्याला दिवसातून एकदा तरी शिव्या घालायची, म्हणजे तिचा दिवस बरा गेला असं समजायचं.

तर खांब. पांढरा, माणसाहून बराच उंच, वर आडवा दांडा, आणि त्या दांड्याला काचेचे दोन डोळे. एक डोळा आभाळाकडं लावलेला, दुसरा खाली ज्वारीकडं. बुडाशी कुलूपबंद पेटी आणि उन्हावर चालणारी काळी पाटी. खांब रोवायला नांदेडहून माणसं आली होती, ती दुपारी गेली. मागं राहिली ती बुद्धप्रिया. नांदेडला पीएच.डी. करणारी, अंगानं किडकिडीत, पाठीवर तिच्याहून जड वाटणारी पिशवी आणि खांद्याला लोंबणारी पाण्याची बाटली.

“आज्जी म्हणू का मावशी?” तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

“मावशी म्हण. आज्जी म्हणायला नातू हायत मला. म्हणत न्हाईत ती गोष्ट येगळी.”

बुद्धप्रिया हसली. दानम्माला ते हसणं आवडलं. आल्या माणसाला पाणी विचारायचं म्हणून तिनं विचारलं, “पानी आणू?”

“आहे ना मावशी माझ्याजवळ.” पोरीनं बाटली हलवून दाखवली.

पुढं ती दर पंधरवड्याला येऊ लागली. नांदेडहून पहाटेची एसटी, उदगीरहून जीप, फाट्यापासून पायी. प्रत्येक वेळी दानम्मा पाणी विचारी आणि प्रत्येक वेळी बाटली हलायची. दानम्मानं भाजलेल्या शेंगा दिल्या तर ती ओंजळभर घेई, चवीनं खाई. गुळाचा खडा घेई. चहा म्हटलं की नुकताच झाला म्हणे, भाकरी म्हटलं की डबा दाखवी.

दानम्माला हे कळत होतं. न कळायला ती काल जन्मली नव्हती. कोरडं चालतं, ओलं चालत नाही, हा कायदा तर तिच्याच सासरचा. तिच्या लग्नानंतरच्या वर्षांत ज्वारी काढायला भीमनगरातल्या बाया यायच्या. त्या पाणी मागायच्या तेव्हा सासू दानम्माला घागर घेऊन बांधावर पाठवी. बाया खाली बसून ओंजळ धरायच्या आणि दानम्मा उभ्यानं, वरून, तांब्याची धार सोडायची. तांब्या कुणाच्या बोटाला लागू द्यायचा नाही. घरात बसवेश्वरांची तसबीर होती, रोज तिला फूल वाहिलं जाई, आणि तिच्याच खाली ती धारेची घागर वेगळी ठेवलेली असे. तेव्हा दानम्माला यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता तोच कायदा बाटलीत भरून उलट बाजूनं तिच्या बांधावर आला होता, आणि पोरगी तो इतक्या गोडीनं पाळत होती की बोलायलाही तोंड नव्हतं.

पण पोरगी गोड होती हे खरंच. कामाला वाघ. ज्वारीत शिरली की तासन्‌तास बाहेर यायची नाही. कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखा एक चिमटा होता तिच्याकडं. तो पानाला लावायचा, यंत्रात बघायचं, की पुढचं पान. जाताना प्रत्येक पान असं हळूच सोडायची, जणू त्याला दुखेल. दानम्मा बांधावर बसून बघायची. काही दिवसांनी तिच्यानं राहवेना.

“काय इचारायलीस गं त्या पानांस्नी?”

“जेवलात का, असं.”

दानम्माला वाटलं पोरगी थट्टा करतेय. पण बुद्धप्रिया बांधावर येऊन बसली, शेंगा फोडता फोडता सांगू लागली.

“पान उजेड खातं मावशी. लाल उजेड जास्त खातं. आणि एक उजेड आपल्या डोळ्याला दिसत नाही, तो त्याला नको असतो, तो ते फेकून देतं. वरून उपग्रह जातो, तो बघतो किती खाल्लं, किती फेकलं. त्यावरून कळतं, खाली हिरवं किती आहे.”

“ते तर मला हितं बसून दिसायलंय.”

“हाव. पण इथं बसून तुम्हाला अर्धापूरच्या केळी दिसतात का? अहमदपूरचं सोयाबीन दिसतं का? त्याला सगळा मराठवाडा एका नजरेत दिसतो.”

हे दानम्माला मानावं लागलं. “मंग त्याला दिसतंय तर तू कशाला येतीस उन्हातान्हात?”

“कारण हिरवं दिसणं वेगळं आणि जेवणं वेगळं.” पोरीचे डोळे बोलता बोलता मोठे झाले. “पाणी कमी पडलं की पान आपली बारीक तोंडं मिटून घेतं, आतली ओल जाऊ नये म्हणून. तोंड मिटलं की जेवण बंद. पण बाहेरून ते कितीतरी दिवस हिरवंच दिसतं. आपण म्हणतो पीक झकास आहे, आणि ते बिचारं उपाशी उभं असतं.”

दानम्माला नवरा आठवला. गुरुपादप्पा शेवटच्या वर्षी असाच होता. बाजाराला जायचा, पारावर बसायचा, विचारलं तर ‘बरा हाय की’ म्हणायचा. ताटातली भाकरी अर्धी राहू लागली, मग पाव राहू लागली, आणि तिला ते दिसूनही कळलं नाही. कळलं तेव्हा उदगीरच्या डॉक्टरनं मान हलवली. तिचे डोळे भरून आले, ते तिनं पदरानं पुसले आणि दोष उन्हावर ढकलला.

“मंग उपाशी हाय ते कळायचं कसं?”

“जेवताना पान थोडासा उजेड परत देतं. लालसर, अगदी मंद, आपल्या डोळ्याला दिसणार नाही इतका. उपास सुरू झाला की तो उजेड बदलतो. तो वरून उपग्रहाला दिसतो. पण त्याला दिसतंय ते खरं आहे का, हे कुणीतरी खालून बघायला पाहिजे ना? म्हणून हा खांब. तो वरचा सांगतो, हा खालचा सांगतो, दोघांचं जुळलं की माझं काम झालं.”

“म्हंजे आपण जेवायच्या आधी ताटाभायेर घास काढून ठिवतो, तसं करायलंय पान.”

बुद्धप्रियानं शेंगा फोडायचं थांबवलं. “असं कुणी सांगितलं नव्हतं मला,” ती म्हणाली. “हे मी सरांना सांगते.”

त्या दिवशी दानम्मा घरी गेली ती पायात पैंजण असल्यासारखी. तिनं काही सांगावं आणि ते नांदेडच्या सरांपर्यंत जावं, असं उभ्या जन्मात घडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं खांबाच्या बुडाला विभूतीची तीन बोटं ओढली. काचेला हात लावायचा नाही अशी पोरीची ताकीद होती, ती मात्र पाळली.

पुढच्या खेपेला बुद्धप्रियानं फोनवर रानाचं वरून काढलेलं चित्र दाखवलं. लहान लहान चौकोन, कुठं गर्द हिरवे, कुठं पोपटी, कुठं खाकी. “हे चार-पाच चौकोन म्हणजे तुमचं रान.”

दानम्मानं फोन डोळ्याशी नेला. “आन मी?”

“माणूस नाही दिसत मावशी. एकेक चौकोन एकरभर रानाएवढा आहे. त्यात तुम्ही कुठं सापडणार?”

माणूस दिसत नाही, हे दानम्मानं ध्यानात ठेवलं. पुढं ते तिच्या उपयोगी पडलं.

त्या वर्षी परतीचा पाऊस लवकर उलटला. काळ्या रानाला ओल धरून ठेवायची सवय असते, पण धरून धरून किती धरणार? दिवाळीनंतर भेगा पडू लागल्या. ज्वारी पोटऱ्यात येता येता, कणीस अजून पोटात असतानाच, खालची पानं दुपारची गुंडाळू लागली. एके दिवशी बुद्धप्रिया चिमटा लावत असताना मडिवाळप्पा बैलं घेऊन बांधावरून चालला होता. तो थांबला, खांबाकडं बघून दात काढत म्हणाला, “दानव्वा, जीव लावू नगं त्या खांबाला. पीक वाळलं की उपटून न्हेतील. तिकडं अर्धापुरात केळी हायत बारमाही हिरव्या, तिकडं न्हिऊन लावतील. वाळलेल्या रानात काय बघायचं हाय त्येला?”

तो बोलून गेला आणि बैलांच्या घुंगरांत त्याचं बोलणं विरूनही गेलं. पण दानम्माच्या मनात ते काट्यासारखं रुतून बसलं. खांब गेला म्हणजे पोरगी गेली. ती कशाला येईल मग? ती ना नात्याची ना गोत्याची. दर पंधरवड्याला फाट्याकडं नजर लावून बसायचं, लांबून ती पिशवी दिसली की शेंगा भाजायला घ्यायच्या, दिवसभर तिची बडबड ऐकायची, जाताना तिनं ‘येते मावशी’ म्हणायचं, आणि ते ‘येते’ पुढचे पंधरा दिवस पुरवून पुरवून वापरायचं. एवढं सगळं त्या खांबाला टांगलेलं होतं.

पोरीलाच विचारलं असतं तर एका वाक्यात उलगडा झाला असता. पण विचारायचं म्हणजे ‘तू येत राहशील ना’ असं मागणं आलं. जिनं माझ्या घरचं घोटभर पाणी घेतलं नाही, तिच्यापाशी कसं मागायचं? दानम्मा मानी होती. तिनं मागितलं नाही. घागर उचलली.

मडिवाळप्पाची विहीर एक बांध सोडून होती. दानम्मा पहाटे, लोक परसाकडं जायच्या आधी, कमरेवर घागर घेऊन निघायची. सगळ्या रानाला पाणी देणं तिच्या हाडांच्या आवाक्यात नव्हतं, पण खांबाचा खालचा डोळा बघतो तेवढा तुकडा तिच्या आवाक्यात होता. ज्वारीच्या ताटाताटाच्या बुडाशी ती हळूहळू पाणी सोडायची. गुडघे रात्री ठणकायचे, ती तेल चोळायची आणि पहाटे पुन्हा उठायची. वरच्याची भीती नव्हती, त्याला माणूस दिसत नव्हता. मडिवाळप्पानं एकदा बघितलं, पण खांबाच्या बुडाला विभूती बघून त्यानं आपला तर्क लावला. म्हातारीनं खांबाला देव केला, आता देवाला पाणी घालतेय, घालू दे बापडी. पारावर हे त्यानं रंगवून सांगितलंही.

खांबाखालची ज्वारी तरारली. बाकी रान फिकं पडत गेलं आणि मधला तो तुकडा दुपारच्या उन्हातही कान टवकारून उभा राहिला. मधल्या खेपेला बुद्धप्रिया आलीच नाही. खांबातली माहिती तिला नांदेडला बसून मिळत होती. फोनवर ती म्हणाली, “तुमची ज्वारी खांबाला लई खूश दिसतेय मावशी,” आणि दानम्मा गालातल्या गालात हसली.

मग वेळ अमावस्या आली. येळवस म्हणजे या भागात दिवाळीच्या वरचा सण. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याची कोपी करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, हिरव्या दाण्यांची भज्जी आणि माठातली ताकाची आंबील यांचा नैवेद्य दाखवायचा, आणि ‘ओलगे ओलगे, सालम पलगे’ म्हणत रानाला फेरी घालून आंबील शिंपायची. मग येईल त्याला बसवून जेवू घालायचं, ओळख असो नसो. लेकानं यंदा येतो म्हणून सांगितलं होतं. आदल्या दिवशी फोन आला, सुट्टी मिळाली नाही. दानम्मानं भज्जी मात्र सगळ्यांच्या मापानं केली. कमी करायचा तिला धीर झाला नाही.

मडिवाळप्पानं तिची कोपी खांबाजवळच उभारून दिली होती. दानम्मा एकटीच आंबील शिंपून आली, कोपीच्या तोंडाशी टेकली, आणि बघते तर फाट्याकडून ती पिशवी चालत येतेय.

“उदगीरला कर्फ्यू लागलाय का मावशी?” बुद्धप्रिया धापा टाकत म्हणाली. “एक जीप नाही, एक दुकान उघडं नाही. एका टेम्पोवाल्यानं निम्म्यात आणलं, पुढं चालत आले.”

“येळवस हाय गं आज. तुमच्याकडं न्हाई का?”

“आमच्याकडं नाही एवढी. मला ठाऊकच नव्हतं. आज उपग्रह वरून जाणार होता, आभाळ साफ होतं, म्हणून निघाले.” ती हसली नाही. तिचा चेहरा उतरलेला होता. पिशवी टाकून ती खांबाकडं बघत उभी राहिली. “आणि शेवटचं बघून घ्यावं म्हटलं. उद्या गाडी येतेय. खांब नांदेडला नेणार.”

दानम्माच्या हातातलं आंबिलीचं मडकं तसंच राहिलं. “का गं? पीक तर झ्याक हाय की.”

“तेच तर. खांब म्हणतो पीक मजेत आहे. उपग्रह म्हणतो तुमचं रान तहानलंय, तोंड मिटून बसलंय. दोघांचं जुळेना. सर म्हणतात खांब बिघडला, खोटं सांगतोय.”

“खोटं न्हाई सांगत त्यो,” दानम्मा पटकन म्हणाली. खांबावर आळ आलेला तिला सोसला नाही.

बुद्धप्रियानं तिच्याकडं बघितलं, मग खाली. तिथं उभं राहून बघण्यासारखंच होतं ते. सगळ्या रानात पायाचं बोट जाईल अशा भेगा पडल्या होत्या, आणि खांबाभोवतीची जमीन सारवल्यासारखी सपाट, काळीभोर. ती गुडघ्यावर बसली. मातीत हात खुपसला. मूठभर माती काढून दाबली, तर लाडू झाला. बोटं, तळवे, मनगटापर्यंत सगळा चिखल. तिची नजर कोपीजवळच्या घागरीकडं गेली आणि तिथून दानम्माच्या पायांकडं.

“मावशी, तुम्ही पाणी घालत होता?”

“हाव.”

“कधीपासून?”

“पानं वळायला लागल्यापासून.”

पोरीनं मुठीतला मातीचा लाडू खाली ठेवला. मग तिचा आवाज फुटला, पण ओरडण्यासारखा नाही, थकलेल्या माणसाचा. “मला तहानच मोजायची होती मावशी. कोरडवाहू रान म्हणून तर तुमचं रान घेतलं. पाणी नसताना पान कसं उपाशी राहतं, तेच मला बघायचं होतं. माझं अख्ख्या हिवाळ्याचं काम गेलं.”

दानम्माला वाटलं भेगेत पाय जावा आणि त्यामागून आपणही आत जावं. तिनं मडकं खाली ठेवलं. मान गेला उडत, तिनं सगळं सांगितलं. मडिवाळप्पाचं बोलणं, पीक वाळलं की खांब जाईल ही धास्ती, पहाटेच्या घागरी. “खांब गेला तर तू कशाला येशील, म्हनून घातलं,” ती म्हणाली. “दुसरं काय न्हाई.”

बुद्धप्रियानं मान वर केली. “वाळलं असतं तर मी जास्त आले असते मावशी. वाळताना तर आठवड्याला यायचं ठरलं होतं. खांब म्हणाला सगळं ठीक आहे, म्हणून तर मधल्या खेपेला आले नाही.”

हे ऐकून दानम्मा हसली की रडली ते सांगणं कठीण आहे. तोंडावर पदर होता. पण बुद्धप्रियाच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. ती उठली, चिखलाचे हात सांभाळत दोन बोटांनी फोन बाहेर काढला आणि सरांना लावला. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. सरांनी पलीकडून सगळं ऐकून घेतलं. मग त्यांचा आवाज आला, शांत. पाणी घातलेल्या दिवसांची माहिती बाजूला काढायची. खांब बिघडलेला नाही ही बातमी चांगलीच आहे. उद्या गाडी येईल ती खांब न्यायला नाही, पलीकडच्या कोरड्या तुकड्यात हलवायला. पुढचे दोन महिने त्यावर काढायचे. आणि मावशींना सांगा, आता थेंबसुद्धा नको.

“ऐकलंत?” फोन ठेवून बुद्धप्रिया म्हणाली. “खांब इथंच राहणार. पण पाणी घालायचं नाही. समोर वाळलं तरी नाही.”

दानम्मानं त्या फिक्या ज्वारीकडं बघितलं. मग तिनं नकारार्थी मान हलवली. “ते न्हाई जमायचं मला. पानी हातात असून द्यायचं न्हाई, ते लई केलं आमच्या घरानं. ह्याच बांधावर. म्या सोता केलं. आता न्हाई होत.”

बुद्धप्रियानं बांधाकडं बघितलं. तिला कळलं. दोघींपैकी कुणीही इतके महिने जे उच्चारलं नव्हतं ते आता कोपीसमोर उघड्यावर पडलं होतं, आणि पलीकडच्या रानातून मडिवाळप्पाच्या लेकरांचा ‘ओलगे ओलगे’ असा गलका येत होता.

“मग असं करू,” पोरगी शेवटी म्हणाली. “हा तुकडा तुम्ही पाजा. रोज पाजा. तो तिकडचा तहानलेला राहू दे. मी दोन्हीकडं चिमटा लावते. पोटभर जेवलेलं पान कसं आणि उपाशी कसं, दोन्ही कळेल. फक्त उद्या खांब हलेपर्यंत थांबा.”

“आन तू?”

“आठवड्याला येते.”

दानम्मानं पुन्हा विचारलं नाही. एकदा कानात पडलं ते पुरे होतं.

उन्हं वर आली होती. बुद्धप्रियानं सवयीनं बाटली हलवली. फाट्यापासून चालत येताना ती संपली होती. तिनं बाटलीकडं बघितलं, घागरीकडं बघितलं. “आमची आजी म्हणायची, परक्या गावाला जाताना आपलं पाणी आपण न्यावं,” ती हळूच म्हणाली. “मागितलंच नाही की कुणी नाही म्हणत नाही.” आणि मग, “मावशी, पाणी देता?”

दानम्मानं घागरीत तांब्या बुडवला. पोरीचे हात चिखलानं भरलेले, म्हणून तिनं तशीच खाली वाकून ओंजळ पुढं केली. आणि दानम्माचा हात आपोआप वर गेला. तो जुना हात होता. त्याला धारेची उंची ठाऊक होती. पाणी तांब्याच्या काठाशी आलं आणि तिथंच थांबलं.

“ओंजळीनं नगं,” दानम्मा म्हणाली. “आधी हात धू.”

ती खाली बसली. पोरीचे हात आपल्या हातात घेऊन तिनं बोटाबोटातली काळी माती धुऊन काढली, पदरानं पुसली. मग तांब्या पुन्हा भरला आणि तिच्या हातात दिला. बुद्धप्रियानं तो तोंडाला लावला. चालून आलेल्या माणसाची तहान ती, घटाघटा प्याली, हनुवटीवरून ओघळ आला तरी थांबली नाही. तांब्या परत केला तेव्हा तळाशी थोडं पाणी उरलं होतं.

दानम्मा उठली आणि रोजच्या सवयीनं ते खांबाच्या बुडाशी ओतायला वळली.

“मावशी, उद्यापर्यंत नाही म्हटलं ना,” मागून पोरगी म्हणाली.

“व्हय की गं, इसरलेच,” दानम्मा म्हणाली आणि तांब्या तोंडाला लावून उरलेलं पाणी पिऊन टाकलं. मग तिनं दोन ताटं मांडली आणि भज्जीच्या पातेल्यावरचं झाकण काढलं.